पेरूकाका

कोजागरीला आठ दिवस असताना आमच्या ग्रुपवर काकांचा निरोप आला. निरोप कसला, पत्रच ते. 'डिअर ऑल, प्लीज फाइंड अटॅच्ड हिअरविथ द प्रपोज्ड मेनू फॉर युअर काइंड पेरूजल.' खाली दोन पानी पीडीएफ. मसाला दूध, भेळ, बटाटेवडे, सुरळीच्या वड्या. मला वाचायला चार सेकंद लागले असतील. मी एक अंगठा टाकला आणि फोन खिशात सरकवला. माझ्याआधी तेवीस अंगठे पडलेले होतेच.

काकांना खरं नाव आहे. ते पासपोर्टवर आहे, बताक्यावर आहे (ओमानमध्ये ओळखपत्राला आम्ही सगळे बताकाच म्हणतो), पण मस्कतच्या आमच्या गोतावळ्यात ते पेरूकाका. नवीन आलेल्या माणसाला वाटतं, यांची गावाकडे पेरूची बाग असणार. तसं काही नाही. काका साताऱ्याकडचे, त्यांच्याकडे शेत आहे, त्यात ऊस आहे, आणि पेरूचं एकही झाड नाही. पेरू आला तो पेरूजलमधून. गेली तीसेक वर्षं काकांच्या हातून गेलेला एकही कागद या शब्दाशिवाय गेलेला नाही. कंपनीचं पत्र असो, मंडळाच्या सभेचं इतिवृत्त असो, की काकूंनी दिलेली वाणसामानाची यादी. तीही एकदा मला चुकून 'फॉर युअर काइंड पेरूजल' म्हणून आली होती. तूरडाळ 2 किलो, हिंग 1 डबी.

असा एक माणूस प्रत्येक घराण्यात असतो. तुमच्याकडे तो सोसायटीच्या नोटिशीत 'सदर' हा शब्द पाच वेळा घालत असेल, किंवा भाच्याच्या मुंजीची पत्रिका तिसऱ्यांदा तपासत असेल. आमच्याकडचा मदिनत सुलतान काबूसमध्ये राहतो.

हे मस्कतमधलं जुनं, टेकड्यांवर चढत गेलेलं उपनगर. सुलतान काबूस 23 जुलै 1970 ला गादीवर आले आणि पुढच्या काही वर्षांत ही वस्ती उभी राहिली. पांढरी घरं, कंपाउंडवरून बाहेर झेपावलेली बोगनवेल, ब्रिटिश स्कूल, एक टुमदार बाजार, आणि संध्याकाळी कुत्री फिरवणारे गोरे. सगळं मस्कत याला 'एमएसक्यू' म्हणतं. काका म्हणत नाहीत. एका शहराला आद्याक्षरांवर आणून ठेवणं हा त्यांच्या लेखी उद्धटपणा आहे. केशरी-पांढऱ्या टॅक्सीत बसले की ते सावकाश सांगतात, "मदिनत. अस्-सुलतान. काबूस." ड्रायव्हर मागे वळून विचारतो, "एमएसक्यू?" काका खिडकीबाहेर बघतात.

काका इथे नव्वदच्या दशकात आले ते एका कंपनीत टायपिस्ट म्हणून. त्याआधी साताऱ्यात एका सरकारी कचेरीत होते. 'माहितीस्तव व योग्य त्या कार्यवाहीस्तव सविनय सादर' हे वाक्य त्यांनी तिथे इतक्यांदा टंकलं, की ते बोटांत उरलं. शिवाय इंग्लिश फॉर्टी. ज्यांनी टायपिंग इन्स्टिट्यूटचे बाक झिजवलेत त्यांना फॉर्टी म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांनी एवढंच समजावं की मिनिटाला चाळीस शब्द, आणि ते सगळे शब्द 'युअर एस्टीम्ड फेवर' जातीचे. इंग्रजी भाषा काकांना आधी बोटांत भेटली, मग कानांत, आणि तोंडात अगदी शेवटी. त्यामुळे त्यांचं इंग्रजी बोलताना अडखळतं पण लिहिताना कोट-टाय घालून येतं. आणि कोट-टाय घातलेल्या माणसाची हौस अशी, की तो चपला घालून आलेल्यांना जरा शिकवतोच.

"तू बॉसला काय लिहिलंस? 'प्लीज चेक'?" त्यांनी एकदा माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं. "अरे, चेक गॅस सिलिंडर करतात. साहेबाला कोणी चेक करायला सांगतं का? पेरूज लिही."

"त्यानं काय फरक पडणार, काका?"

"तू चेक म्हणालास की तो नुसता बघणार. पेरूज म्हणालास की त्याला वाचावं लागणार. शब्दाला वजन असतं रे."

हे वजन काका दोन बोटांनी तोलून दाखवतात; सोनार रती तोलतो तसं.

शुक्रवारी सकाळी ते फिरायला निघतात. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवार. आधी ती गुरुवार-शुक्रवार असे, 2013 पासून बदलली. त्या बदलाचं परिपत्रक काकांनी जपून ठेवलेलं आहे, कारण त्याची भाषा त्यांना आवडली. फिरणं म्हणजे काय, तर दर पन्नास पावलांवर थांबणं. दुकानाच्या दारावरची सूचना, पार्किंगचा फलक, विजेच्या डीपीवरचा इशारा, सगळं पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचायचं. अरबी नावांची इंग्रजी स्पेलिंगं हा त्यांचा दुखरा भाग. मदिनतचं कुठे मदिनत, कुठे मेदिनत, मुत्तरहला एक टी की दोन यावर तर फलकाफलकांत भांडण. काका खिशातली वही काढून नोंद करतात. वहीत अशा नोंदी किती असतील कोण जाणे, पण ती त्यांनी कुणाला पाठवलेली नाही. "उगाच कोणाला वाईट वाटायला नको," म्हणतात.

काकू त्यांच्याबरोबर फिरायला जात नाहीत. जायच्या पूर्वी. "ह्यांच्याबरोबर चालणं म्हणजे पालखीबरोबर चालणं," त्या म्हणतात, "आणि मुक्काम सगळे बोर्डापाशी." काकूंनी पेरूजचं मराठी क्रियापद करून टाकलंय. "अहो, चहा निवतोय. आधी तो पेरुजा." किंवा मला, "बस रे, हे येतीलच. पावती पेरुजताहेत."

काकांच्या आयुष्यात खरा भूकंप झाला तो शेजारच्या मुलामुळे. ब्रिटिश स्कूलमध्ये जाणारा हा दहावी-अकरावीतला पोरगा बाजारातल्या दुकानात मासिकं चाळत उभा होता. काकांनी सहज विचारलं, "व्हॉट आर यू डूइंग?" तो म्हणाला, "नथिंग, जस्ट पेरूजिंग."

काकांच्या हातातली पिशवी खाली आली. जस्ट? आणि पेरूजिंग? एका वाक्यात? हे म्हणजे 'सहज दंडवत घालतोय' म्हटल्यासारखं झालं. त्यांनी त्या पोराला तिथल्या तिथे समजावलं की पेरूज म्हणजे बारकाईने, लक्षपूर्वक, सांगोपांग वाचणं. पोरगा सज्जन. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला की आमच्यात सगळे चाळायलाच पेरूज म्हणतात.

पुढचे तीन दिवस काका ऑफिसातून आले की थेट कोशांत. वीरकर आहे त्यांच्याकडे, पुठ्ठा फाटलेला. ऑक्सफर्ड आहे. अमेरिकन मेरियम-वेबस्टर मुलीने दिलेला आहे. चौथ्या दिवशी मला बोलावणं आलं. जेवणाच्या टेबलावर तिन्ही कोश उघडे, मध्ये लोणच्याची बरणी.

"हा बघ अनर्थ," काका म्हणाले. "वेबस्टर दोन्ही अर्थ देतो. लक्षपूर्वक तपासणे, आणि खाली, वरवर नजर टाकणे. एकाच शब्दाखाली! ऑक्सफर्ड निदान सांभाळून आहे, सहसा बारकाईने म्हणतो."

"म्हणजे मी आजवर लोकांना लिहीत आलो की नीट वाचा," ते जरा थांबून म्हणाले, "आणि लोक चाळत आले. आणि ते बरोबर होते?"

मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा बघून गिळलं. तीस वर्षं आपण ज्याला नमस्कार समजत होतो तो निरोपाचाही हात निघावा, तसं काहीसं झालं होतं त्यांना. मग त्यांनी मुळाशी जायचं ठरवलं. पर म्हणजे पुरेपूर, यूज म्हणजे वापर. पंधराव्या शतकात पेरूज म्हणजे वापरून वापरून संपवणं, झिजवणं. वाचण्याचा अर्थ मागाहून चिकटला.

"म्हणजे तेव्हा लोक काय साबण पेरुजायचे?" काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"तसंच काहीसं."

"मग बरोबर आहे. हे तीस वर्षं माझं डोकं पेरुजताहेत."

काकांनी वहीत ते टिपून घेतलं. खोटं नाही सांगत, टिपून घेतलं. मूळ अर्थाचं इतकं चपखल उदाहरण एकाही कोशात नव्हतं.

त्या धक्क्यानंतर दुसरा माणूस 'प्लीज सी' वर आला असता. काका उलट त्या शब्दाला अधिकच धरून राहिले. घरातल्या एखाद्या मुलाबद्दल गावात काहीबाही बोललं जातं आणि मग आई त्याला जास्तच जवळ घेते, तसं. आणि असे दोन तोंडांचे शब्द गोळा करायचा नादच लागला त्यांना. सँक्शन त्यांना विशेष भावला. "बघ, आपण काय म्हणतो? लोन सँक्शन झालं, रजा सँक्शन झाली. पेढे वाटतो. आणि समोर," ते खिडकीतून समुद्राच्या दिशेने हात करतात, "त्या इराणवर सँक्शन लागलं की बंदी! एकच शब्द, साताऱ्यात मंजुरी आणि आखातात शिक्षा."

ऑफिसात काकांची गट्टी जमते ती दोघांशी. एक मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतली कामं करून आणणारा ओमानी सहकारी, आणि दुसरा सुदानी भाषांतरकार. सरकारी पत्रव्यवहार अरबीत, त्यामुळे काकांचं पत्र या दोघांच्या हातून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. अरबीत प नाही. पार्किंगचं बार्किंग होतं, आपल्या पैशाचा बैसा होतो. एका रियालचे हजार बैसे. (उगाच नाही, 1970 पर्यंत इथे रुपयाच चालत होता.) तर मंदूब रोज सकाळी विचारतो, "काका, एनी बेरूजल टुडे?" आणि काका, ज्यांनी टॅक्सीवाल्याला कधी माफ केलं नाही, ते या माणसाला एकदाही दुरुस्त करत नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "त्याच्या भाषेत अक्षर नाही रे. माणूस कुठून आणणार?"

सुदानी गृहस्थ मात्र विद्वान. काकांच्या पेरूजलचं त्यांनी अरबी केलं, 'लिल इत्तिला'. काका उडालेच. "इत्तला? अहो, इत्तला आमचाच शब्द!" मग दोघांचं असं जुळलं की दुपारचा चहा कागदांवर होऊ लागला. काकांनी आजोबांच्या वेळच्या जमिनीच्या कागदातलं 'मौजे मजकूर' सांगितलं. मजकूर म्हणजे वर सांगितलेला, इंग्रजीतला अफोरसेड. सुदान्याने मान डोलावली. त्यांच्याकडे तो मद्कूर, अर्थ तोच. मराठीने पुढे 'वर सांगितलेला' सोडून दिलं आणि नुसता मजकूर ठेवला, म्हणून आज आपल्याला तो शब्द वर्तमानपत्रात सापडतो. काकांना हे कळल्यापासून ते कचेरीतल्या मराठीवर हसणाऱ्यांना सोडत नाहीत. "तुम्ही काय हसता? आपल्याकडे कागद लिहायची रीत शिवकालापासून आहे."

हरकतीची गंमत तर त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितली असेल. ओमानमध्ये 2020 संपेपर्यंत नियम असा, की नोकरी सोडली आणि आधीच्या मालकाचं ना हरकत प्रमाणपत्र नसलं, तर दोन वर्षं परत यायचं नाही. 1 जानेवारी 2021 पासून ती अट गेली. तोवर काकांनी अशी पत्रं शेकड्यांनी टंकली होती, आणि प्रत्येक पत्र साहेबाच्या टेबलावरून सहीनिशी सुटेपर्यंत त्या माणसापेक्षा काकांचाच जीव वर-खाली. एकदा सुदान्याला त्यांनी सांगितलं की याला मराठीत 'ना हरकत' म्हणतात. तो खुर्चीत मागे पडून हसायला लागला. अरबीत हरकत म्हणजे हालचाल. ना हरकत म्हणजे हलायचं नाही.

"बघ," काका मला म्हणतात, "कागदावर लिहिलेलं ना हरकत, आणि कागद नसला की माणसाची ना हरकत. दोन्ही भाषा खऱ्या."

मी त्यांना अकरा वेळा सांगू दिली असती, कारण एक ऋण आहे. 2023 च्या ऑक्टोबरात मला नव्या कंपनीचं पत्र आलं. एकूण पगार चांगला होता, आकडा गोल होता, मी सही करणार होतो. काकूंना पेढे द्यायला गेलो तर काकांनी हात पुढे केला. पेढ्यासाठी नव्हे, पत्रासाठी. सात पानं. "ठेवून जा," म्हणाले. मी मनात म्हटलं, आता गेले तीन दिवस. तीन दिवसच गेले.

परत गेलो तेव्हा चौथ्या पानावर पेन्सिलीने एक बारीक रेघ होती. त्याच वर्षी जुलैत ओमानचा नवा कामगार कायदा आला होता, सुलतानी फर्मान क्रमांक 53. त्यात नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी वर्षाला एक महिन्याच्या पगाराइतकी, पण तो पगार म्हणजे बेसिक. आणि माझ्या पत्रात बेसिक म्हणून लिहिला होता एकूण रकमेचा चौथा हिस्सा. बाकी सगळं घरभाडं, वाहन, 'अदर अलाउन्सेस'.

"दहा वर्षांनी जाशील तेव्हा तुला दहा महिन्यांचा पगार मिळेल असं वाटतंय ना?" काका म्हणाले. "अडीच मिळेल. पहिल्या पानावर आकडा मोठा आहे म्हणून तू चौथं पान वाचलं नाहीस."

मी म्हणालो, वाचलं होतं.

"वाचलं असशील. पेरुजलं नाहीस."

मग त्यांनीच मला उत्तर लिहून दिलं. सुरुवात अशी होती, 'आय हॅव पेरूज्ड द सेड ऑफर विथ ड्यू केअर.' ते वाक्य पाठवायची मला लाज वाटत होती, पण पाठवलं. कंपनीने बेसिक वाढवला. त्यांना लाज वाटली की धाक, ते मला माहीत नाही. मनुष्यबळवाल्या बाईंनी पुढच्या मेलमध्ये मला 'डिअर सर' लिहिलं, आधी नुसतं 'हाय' होतं.

असा माणूस कधीकधी अतिशय त्रासदायक असतो, हेही सांगायला हवं. काकांबरोबर हॉटेलात गेलात तर भूक मरते. मेनूकार्ड ते मागच्या बाजूपासून वाचतात, कारण अटी तिथे असतात. विमानात सुरक्षिततेचं ते पत्र्यासारखं कार्ड पूर्ण वाचणारा मी पाहिलेला एकमेव प्रवासी म्हणजे काका. मस्कत-मुंबई अडीच-तीन तासांच्या प्रवासात त्यांनी त्यातलं एक चित्र हवाईसुंदरीला समजावून सांगितलं. माझ्या बायकोने त्यांना वाढदिवसाचं कार्ड दिलं तर कार्डाच्या पाठीवरचा छापखान्याचा पत्ता वाचून होईपर्यंत केक कापायचा थांबला होता. मेणबत्त्या वितळून केकवर आल्या. काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी सुरीने मेण खरवडून काढलं आणि आम्हाला केक वाढला.

तर कोजागरी. काकांच्या इमारतीची गच्ची. ऑक्टोबर असूनही हवेत घाम होता, पण चंद्र अगदी कामाला लागलेला. खाली एमएसक्यूची (क्षमा असावी, मदिनत सुलतान काबूसची) पांढरी घरं दुधात बुडवून काढल्यासारखी. आम्ही चाळीसेक जण. मोठ्या पातेल्यात दूध आटलेलं, केशर वर आलेलं, काकू डाव घेऊन उभ्या. आणि त्यांच्यापुढे सगळे हात हलवत उभे.

"पेले?" काकूंनी विचारलं.

कोणाकडेच नव्हते. एक वहिनी आणि ते शेजारचं पोरगं, ज्याला काकांनी खास बोलावलं होतं, अशा दोघांनी पिशवीतून स्टीलचे पेले काढले. बाकीचे आम्ही एकमेकांकडे बघत होतो.

"दुसऱ्या पानावर होतं," काका अगदी हळू म्हणाले. रागावले नव्हते. चष्मा काढून पुसत होते. "कागदी कप वापरायचे नाहीत असं ठरलं होतं, म्हणून प्रत्येकाने आपापला पेला आणावा. दुसऱ्या पानावर, सूचना क्रमांक तीन."

पोराने माझ्याकडे बघितलं आणि इंग्रजीत म्हणाला, "मी पेरूज केलं होतं."

काकूंनी घरातून होती नव्हती तेवढी भांडी वर मागवली. कोणाला चहाचा कप मिळाला, कोणाला मोजमापाचा प्लास्टिकचा मग. मी मसाला दूध आमटीच्या वाटीतून प्यालो.